एकाच वाडीत लहान-मोठी घरं: कोकणात सरमिसळ वस्ती आखताना आधी काय, नंतर काय

कोकणात नवी वस्ती आखताना बहुतेक वेळा आधी मोठे प्लॉट पाडले जातात, बंगल्यांची नावं लागतात आणि मग वहाळाकडेचा किंवा चढावावरचा जो तुकडा उरतो, त्यात ‘परवडणारी घरं’ बसवली जातात. पाणी तिथे शेवटी पोचतं आणि सांडपाणी तिथेच आधी साचतं. दोन पावसाळ्यांत त्या ओळीला वेगळं नाव पडतं आणि वस्ती दुभंगते. चूक हेतूची नसते, क्रमाची असते. म्हणून इथे भर क्रमावर आहे.

हे मार्गदर्शन अर्धा एकर ते दोन-अडीच एकर जागेवर काम करणाऱ्यांसाठी आहे: सामाईक जमीन असलेली कुटुंबं, ओळखीच्या लोकांचे गट, तालुक्यातले छोटे बांधकाम व्यावसायिक आणि त्यांचे आर्किटेक्ट. सरमिसळ वस्ती म्हणजे स्वतंत्र घर, जोडघर, ओळीतलं छोटं घर आणि भाड्याची खोली एकाच गल्लीत, एकाच विहिरीवर, एकाच मोकळ्या जागेभोवती.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतली (2020) समावेशक घरांची, म्हणजे मोठ्या प्रकल्पात काही लहान घरं ठेवण्याची, सक्ती मुळात दहा लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या महापालिकांपुरती होती. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या गावांत, नगरपंचायतींत आणि नगरपरिषदांत लहान घरं ठेवा असं तुम्हाला सहसा कुणी सांगणार नाही. ते मालकालाच ठरवावं लागेल, आणि पहिली रेघ मारण्याआधी ठरवावं लागेल.

टप्पा 1: कागद आणि जमीन एकत्र वाचा

सातबारा, आठ-अ, फेरफार आणि मोजणीचा नकाशा समोर ठेवा. कोकणातले सातबारे सामाईक असतात. मुंबईतले काका, सासरी गेलेल्या आत्या आणि बहिणी, दोन पिढ्यांपूर्वी वारलेल्यांची न निघालेली नावं, सगळं त्यात असतं. मुलींचा हिस्सा धरूनच संमती घ्या. ‘ती सही करेलच’ या भरवशावर काम सुरू करू नका. इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचं नाव आहे का, कुळकायद्याच्या कलम 43 चा शेरा आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्या. असा शेरा म्हणजे कुळाला मिळालेल्या जमिनीच्या हस्तांतरावरचा निर्बंध; परवानगी घेतल्याशिवाय किंवा सरकारात नजराणा भरल्याशिवाय ते होत नाही.

मग जमिनीवर जा. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर किनारा नियमन क्षेत्राच्या मंजूर नकाशावर आपला सर्व्हे नंबर कुठे पडतो ते बघा. 2019 च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण भागात भरतीरेषेपासून 200 मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र असतो. 2011 च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त लोकसंख्या असलेल्या दाट ग्रामीण वस्तीत तो 50 मीटर आहे. खाडीकाठी 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते. पावलांनी मोजलेलं अंतर किंवा एजंटाचा शब्द इथे चालत नाही.

नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा बघा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जोडीला शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की 26 जुलै 2005 ला आणि 22 जुलै 2021 ला पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं. चिपळूणच्या माणसाला ती पायरी नकाशाशिवाय दाखवता येते. डोंगरउताराची जागा असेल तर भूवैज्ञानिकाचा अहवाल घ्याच. महाड तालुक्यातलं तळिये 2021 मध्ये आणि खालापुरातली इर्शाळवाडी 2023 मध्ये दरडीखाली गेली, दोन्ही वेळा जुलैतच.

*तपासणी:* बांधता न येणारा सगळा भाग नकाशावर लाल रंगाने भरून टाका. उरलेलं क्षेत्र हीच तुमची जागा. सातबाऱ्यावरचा आकडा विसरा.

टप्पा 2: घरांच्या आधी माणसांची यादी करा

‘वन बीएचके किती, टू बीएचके किती’ इथून सुरुवात केली की गणित चुकतं. आधी इथे कोण राहणार ते लिहा. प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका, एसटीचा वाहक, बदलीवर आलेले शिक्षक, जेटीवरचे खलाशी, बागेत राखणीला येणारी नेपाळी कुटुंबं, हॉटेलात काम करणारी मुलं, एकटी राहणारी आजी, निवृत्त होऊन परतलेलं जोडपं आणि गणपती-शिमग्याला येणारे चाकरमानी. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: वर्षातले किती महिने राहणार, महिन्याला किती देऊ शकणार आणि दाराबाहेर काय करणार. खलाशाला जाळं पसरायला जागा लागते, आजीला लाकडं आणि कोकमं सुकवायला, वाहकाला रात्री उशिरा स्कूटर लावायला.

ही माहिती अंदाजाने भरू नका. डेपोत, शाळेत, जेटीवर जाऊन सध्या कुठे राहता आणि भाडं किती देता हे विचारा. भाडं कमाईच्या चौथ्या हिश्शावर गेलं की ते घर त्या माणसासाठी नाही, असं मी धरतो.

कोकणातला सगळ्यात मोठा धोका बंद घरांचा आहे. अकरा महिने कुलूप आणि एक महिना गजबज, अशी घरं निम्म्याहून जास्त झाली की ना दुकान चालतं, ना दूधवाला येतो, ना रात्री आजारी पडलेल्याला हाक मारायला कुणी असतं. चाकरमान्यांना वगळा असं मी म्हणत नाही. त्यांचा पैसाच पुष्कळदा अशी वस्ती उभी करतो. पण बारा महिने राहणारी घरं आधी निश्चित करा.

*तपासणी:* नकाशावर जुलै महिन्यात दिवा लागेल त्या घरांवर खूण करा. कुठल्याही दोन सलग घरांपैकी एकावर तरी खूण हवी.

टप्पा 3: पाण्यावरून घरांची संख्या ठरवा

तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात मे महिन्यात टँकर येतो, कारण जांभा पाणी धरून ठेवत नाही. म्हणून विहिरीचं मोजमाप एप्रिल अखेर ते मेच्या मध्यापर्यंत घ्या. पंप लावून पाणी उपसा आणि ते पुन्हा किती तासांत किती चढतं ते लिहून ठेवा. ऑक्टोबरातली तुडुंब विहीर बघून घरं मोजणं ही इथली नेहमीची चूक.

हिशेब असा करा. माणशी दिवसाला 135 लिटर धरले तर 110 माणसांना (टप्पा 4 मधल्या उदाहरणातल्या 27 घरांची वस्ती) रोज सुमारे 15,000 लिटर लागतात. एप्रिल-मेच्या साठ दिवसांचे 9 लाख लिटर झाले. एवढं पाणी टाकीत साठवणं परवडत नाही. पण पिण्या-स्वयंपाकापुरतं माणशी 10 लिटर धरून 90 दिवसांचं पाणी साठवायला सुमारे एक लाख लिटरची टाकी पुरते, म्हणजे सात बाय सात मीटर आणि दोन मीटर खोल. ही टाकी मोकळ्या जागेखाली सहज बसते. साठ चौरस मीटरचं एकच छप्पर वर्षाला जवळपास दीड लाख लिटर पाणी देतं. पहिल्या पावसाचं पाणी वळवून सोडायची सोय आणि गाळणी ठेवली की झालं. बाकी छपरांचं पाणी विहिरीच्या वरच्या अंगाला जमिनीत मुरवा. वापराचं पाणी विहीर, बोअर आणि नळयोजना मिळून जितकं भरवशाने येईल, तितकीच घरं बांधा. गणपतीच्या आठवड्यात माणसं दुप्पट होतात, पण तेव्हा पाऊस असतो. मे महिन्यातल्या लग्नसराईचा भार मात्र वेगळा धरा.

आता सांडपाणी, आणि इथे घाई करू नका. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान 18 मीटर लांब असावा असं मानक सांगतं. जांभ्यात भेगा आणि पोकळ्या असतात, त्यातून घाण पाणी मातीत गाळून न निघता थेट विहिरीत उतरू शकतं. म्हणून शोषखड्डे विहिरीच्या उताराकडच्या बाजूलाच ठेवा आणि जमेल तितके दूर न्या. सव्वीस-सत्तावीस घरांना सव्वीस-सत्तावीस सेप्टिक टाक्या हा कोकणातला सर्वांत धोकादायक प्रकार आहे. पावसाळ्यात भूजल वर आलं की त्या उलट्या भरतात, आणि सगळ्यात आधी भरते ती सखल भागातल्या छोट्या घराची. सगळ्यांची मिळून एक प्रक्रिया-टाकी करा. त्यातलं पाणी नारळ-केळीच्या बागेला द्या आणि गाळ उपसणारी गाडी तिथपर्यंत पोचेल असा रस्ता ठेवा.

*इशारा:* सांडपाण्याची टाकी छोट्या घरांच्या दारात येत असेल तर आखणी पुन्हा करा. इथे तडजोड नाही.

टप्पा 4: घरांचं प्रमाण ठरवा

एका एकराचं, म्हणजे 40 गुंठ्यांचं उदाहरण घेऊ. जागा सपाट आहे आणि सगळी बांधण्याजोगी आहे असं धरू. 4 गुंठे मोकळी जागा (चार हजार चौरस मीटर किंवा जास्त क्षेत्राच्या आखणीत दहा टक्के सोडावीच लागते) आणि अंदाजे 9 गुंठे रस्ते. उरले 27 गुंठे.

- स्वतंत्र घरं 5, प्रत्येकी 2 गुंठे: 10 गुंठे
- जोडघरं 6, म्हणजे तीन जोड्या, प्रत्येक घराला सव्वा गुंठा: साडेसात गुंठे
- ओळीतली छोटी घरं 8, चार-चारच्या दोन ओळी, प्रत्येकी साधारण 60 चौरस मीटर: पावणेपाच गुंठे
- एक दुमजली इमारत, तिच्यात भाड्याची 8 घरं: 3 गुंठे
- पंपघर, प्रक्रिया-टाकी, सामाईक पडवी: उरलेले पावणेदोन गुंठे

एकूण 27 घरं. त्यातली 16 छोटी किंवा भाड्याची आहेत, पण त्यांना मिळून आठ गुंठेही लागत नाहीत. त्याच जागेत फक्त बंगले केले असते तर 13 झाले असते. स्वतंत्र घरांच्या विक्रीतून विहीर, रस्ते आणि टाकी यांच्या खर्चाचा मोठा वाटा उचलता येतो. भाड्याची इमारत मात्र विकू नका. ती गटाच्या किंवा मूळ मालकाच्या हातात राहिली तरच वाहक आणि परिचारिका इथे टिकतील.

नगरपरिषद किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत छोट्या घरांचे खरेदीदार शहरी प्रधानमंत्री आवास योजना 2.0 मध्ये बसतात का ते आधी बघा. वार्षिक उत्पन्नाच्या मर्यादा 3, 6 आणि 9 लाख अशा तीन गटांत आहेत. कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं, ही अट कोकणात अडते, कारण गावच्या घराच्या घरपट्टीवर नाव असतंच. बुकिंग घेण्याआधी ते उतारे मागवा.

टप्पा 5: आखणी, याच क्रमाने

पहिल्यांदा पाणी वाहून जाण्याच्या वाटा काढा. पऱ्ह्या (पावसाळी ओहोळ) जिथून वाहतो तिथूनच वाहू द्या. पाइपात कोंडलेला पऱ्ह्या पहिल्या अतिवृष्टीत वर येतो. दुसऱ्यांदा ठेवायची झाडं आणि पूर्वापार पायवाटा. पाणंद बंद केली की शेजारच्या वाडीशी पहिल्याच दिवशी वैर होतं. शिमग्यात पालखीची वाट कुठून जाते तेही विचारून घ्या.

तिसऱ्यांदा मोकळी जागा, आणि ती मध्यावर. कोपऱ्यातला तिरपा तुकडा ‘उद्यान’ म्हणून दाखवण्याची सवय सोडा.

चौथ्यांदा छोटी घरं. सगळा डाव या पायरीवर आहे. सर्वांत छोट्या घरांना मोकळ्या जागेलगतची सपाट, मुख्य वाटेला जवळची जागा द्या, कारण ज्याचं घर लहान त्याला बाहेरची जागा जास्त लागते. मोठ्या घराला स्वतःचं खळं आणि परसू असतं, ते थोडं मागे, थोडं चढावर गेलं तरी चालतं. छोट्या घरांच्या दोन ओळी शेजारी-शेजारी लावू नका, मध्ये एखादी जोडघरांची जोडी येऊ द्या. पाचव्यांदा भाड्याची इमारत रस्त्याजवळ, आणि सर्वांत शेवटी स्वतंत्र घरं.

गडगे (दगडी कुंपणं) कंबरेएवढेच ठेवा. एका प्रकारच्या घरांना उंच भिंत आणि वेगळं बेडं (फाटक) दिलंत की वर केलेलं सगळं वाया जातं.

*तपासणी:* नकाशावरची घरांची नावं झाका आणि तिसऱ्या माणसाला विचारा, ‘यातली गरिबांची बाजू कुठली?’ त्याने बोट ठेवलं तर चौथ्या पायरीपासून पुन्हा.

टप्पा 6: घराच्या आत आणि दारात

आकार वेगळे असू देत, साहित्य एकच ठेवा: तोच चिरा, तेच कौल, तीच पागोळी. छोट्या घराला पत्रा आणि मोठ्याला कौल असा भेद नको. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत सळ्या लवकर गंजतात. तिथे आरसीसीसाठी निदान एम 30 ताकदीचं काँक्रीट आणि सळीवर त्याचं 45 मिलिमीटर आवरण हे मानक आहे, आणि ते 30 चौरस मीटरच्या घरालाही लागू आहे. छपराचे वासे, पाटी आणि भिंत एकमेकांना पट्ट्यांनी जखडा. निसर्ग वादळात (3 जून 2020) श्रीवर्धन-मुरुड भागात छपरंच आधी गेली.

प्रत्येक घराला पडवी हवी, अगदी एका खोलीच्या भाड्याच्या घरालाही. चार महिने कपडे, लाकडं, छत्र्या आणि माणसं तिथेच असतात. झड आत येणार नाही इतकी पागोळी बाहेर काढा.

म्हाताऱ्या आणि अपंग माणसांसाठीची सोय नकाशातच ठरते, नंतर जोडता येत नाही. पावसामुळे आपण जोतं दोन फूट, म्हणजे 60 सेंटिमीटर उंच घेतो. 1:12 च्या उताराने तेवढं चढायला 7.2 मीटर लांब रॅम्प लागतो. छोट्या घरासमोर तो मावतच नाही. म्हणून उताराच्या जागेत दार वरच्या अंगाला काढा, जोत्याची उंची मागच्या बाजूला जाते आणि दारात एक पायरीही राहत नाही. अट एकच, वरून येणारं पाणी वळवायला दाराआधी जाळीचं गटार हवं. तळमजल्यावरच्या सगळ्या घरांच्या दारांची मोकळी रुंदी 900 मिलिमीटर ठेवा आणि न्हाणीघरात आधाराचा दांडा बसेल अशी भक्कम भिंत. रॅम्पवर गुळगुळीत फरशी घालू नका, आषाढात शेवाळ धरतं.

टप्पा 7: मालकी आणि महिन्याचा खर्च, बांधकामाच्या आधी

वस्ती सरमिसळ बांधली जाते आणि देखभालीच्या बिलावर मोडते. गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क सगळ्या सदनिकांना सारखं असतं, मग घर 30 चौरस मीटरचं असो की 130 चं. 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली सामाईक खर्च अविभक्त हिश्शाच्या प्रमाणात वाटला जातो. घरांच्या आकारांत मोठा फरक असेल तर दुसरा मार्ग छोट्या घराला सोसतो. कुठलाही मार्ग घेतलात तरी सामाईक गोष्टी कमी ठेवा: पाणी, दिवे, सांडपाणी, रस्ता. पोहण्याचा तलाव, क्लबहाऊस आणि गेटवरचे तीन पाळ्यांचे रखवालदार हे छोट्या घराला हळूहळू बाहेर काढण्याचे मार्ग आहेत.

नियमावलीत काय नसावं हेही लिहा. मासे सुकवायला बंदी, मांसाहारी भाडेकरू नको, एकट्या बाईला खोली नको, अमुक समाजाला नको: अशी कलमं कुणीतरी सुचवतंच. आपल्या वाड्या जातीप्रमाणे वसल्या आणि आजही त्यांची नावं तशीच आहेत. नव्या वस्तीत ते पुन्हा होऊ द्यायचं नसेल तर कुठलं घर कुणाला हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, प्रत्येक प्रकारासाठी वेगळ्या आणि सगळ्यांसमोर. ‘आम्ही चौघं ओळखीचे, शेजारी-शेजारी द्या’ ही विनंती निरुपद्रवी वाटते, पण तिथूनच आळी तयार होते. अपवाद फक्त वय आणि अपंगत्वाचा.

जमीन 500 चौरस मीटरपेक्षा आणि घरंही आठपेक्षा जास्त असतील आणि विक्री करायची असेल, तर महारेरा (घरविक्रीवरचं राज्याचं नियामक प्राधिकरण) नोंदणीआधी जाहिरात किंवा बुकिंग करू नका. भाड्याच्या प्रत्येक घराचा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत करा. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे.

*तपासणी:* सर्वांत छोट्या घराचं महिन्याचं एकूण बिल काढा आणि टप्पा 2 मधल्या यादीतल्या सर्वांत कमी कमाईच्या माणसाला दाखवा. त्याला ते जड वाटलं तर सामाईक खर्चातली एखादी ओळ खोडा.

टप्पा 8: बांधायचा क्रम

दसऱ्यानंतर जमीन वाळली की रस्त्यांचा पाया, गटारं, सांडपाण्याची टाकी. त्यानंतर छोटी घरं आणि भाड्याची इमारत, आणि मग स्वतंत्र घरं. व्यवहारात उलटं होतं: बंगल्यांचे हप्ते आधी येतात म्हणून बंगले आधी बांधले जातात आणि पैसा संपल्यावर छोट्यांची ओळ ‘दुसऱ्या टप्प्यात’ ढकलली जाते. हे टाळायला करारातच लिहा की छोट्या घरांची छपरं चढल्याशिवाय स्वतंत्र घरांचा ताबा दिला जाणार नाही.

पावसाळ्यात चिरेखाणी बंद असतात. लागणारा चिरा एप्रिलपर्यंत आणून रचून ठेवा, आणि ज्या घरांवर मे अखेरपर्यंत छप्पर चढणार नाही त्यांचं काम जोत्यावरच थांबवा. उघड्या भिंती चार महिने भिजू देऊ नका.

पहिल्या पावसाळ्यात, पहिल्या मोठ्या सरीत, नकाशा घेऊन वस्तीत फिरा. पाणी कुठे तुंबतं, कुठल्या दारात येतं, कुठली पडवी भिजते ते त्यावर लिहा. दुरुस्तीसाठी एकूण खर्चाचा काही भाग आधीच राखून ठेवलेला असावा, आणि त्यातली पहिली दुरुस्ती सर्वांत सखल घराची करावी.